गाडीच्या आत पाणी येतंय, काचा आतून धुरकटतात. शोधायचं कुठून?

विजापूररोड · शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्याकडे आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. घरात एकच गाडी, त्यामुळे पोरांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, अधूनमधून तुळजापूर-अक्कलकोट, सगळं तिच्यावरच. यंदा पाऊस लागल्यापासून पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी ओल येतेय. वर सेव्हन-डी मॅट (कडेपर्यंत घट्ट बसणारी जाड मॅट) बसवलेली असल्यानं आधी काही दिसलं नाही, नुसता कुबट वास यायचा. मॅट उचलून कार्पेट दाबलं तर बोटांमधून पाणी वर आलं. सकाळी गाडी काढायला जावं तर सगळ्या काचा आतून पांढऱ्या. पुसून निघालं की पुढच्या चौकापर्यंत परत तसंच.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी पुढच्या काचेच्या कडेनं सिलिकॉन फिरवून दिलं. पुढचा पाऊस झाला आणि पाणी होतं तिथंच. आता ते म्हणतात, काच काढून परत बसवावी लागेल. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, या वासात त्यांना बसवायला नको वाटतं. काच खरंच काढावी लागते का?

स्पॅनर · शनिवार, रात्री ९:४५

ताई, काच सध्या अजिबात काढू देऊ नका. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाड्यांचीच कामं करतो. काचेतून गळणाऱ्या गाड्या येतात, नाही असं नाही. पण त्या बहुतेक आधी कधीतरी काच बदललेल्या असतात, नाहीतर काचेखालच्या पत्र्याला गंज धरलेला असतो. मूळची पॉलियुरेथेननं चिकटवलेली काच सहसा सुटत नाही. आणि एकदा सिलिकॉन फासलं की त्यावर नंतर पॉलियुरेथेन धरत नाही, पेंटही धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन असेल तर उघड्या पत्र्याला गंज चढवतं ते वेगळंच.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. गाडीच्या बॉडीत पाणी जाणारच, हे धरूनच ती बनवलेली असते. वायपरखालच्या जाळीतून पाणी आत जातं. दाराच्या काचेला लागून जी फट असते तिच्यातून दाराच्या पोटात जातं. एसीचं पाणी तर डॅशबोर्डच्या आतच तयार होतं. यातल्या प्रत्येक पाण्याला खाली उतरून रस्त्यावर पडायची वाट ठेवलेली आहे. ती वाट तुंबली की तेच पाणी तुमच्या पायाशी येतं. म्हणून बाहेरून फटी बुजवत बसण्यापेक्षा कुठली वाट बंद झालीय ते शोधायचं.

त्यासाठी एवढं सांगा:

पाऊस नसताना, नुसता एसी लावून फिरल्यावर ओल वाढते का? गाडी धुतल्यावर वाढते का? पाणी स्वच्छ आहे, मातकट आहे की बोटाला चिकट लागतं? गाडी कुठं उभी करता, झाडाखाली की शेडमध्ये? आणि डाव्या दाराचं काही काम झालंय का, काच, लॉक, स्पीकर असं?

कडकभाकरी · शनिवार, रात्री १०:२०

दाराची बीडिंग बघा आधी. आमच्या गाडीत तीच निघाली. इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या पुढं जातो आणि गाडी दिवसभर उन्हात. रबर कडक होतं, कोपऱ्यांना चिरतं, दाबल्यावर परत फुगत नाही. कागदाची लांब पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज सुटून आली तर तिथं रबर बसत नाहीये. चारी बाजूंनी फिरून बघायचं.

स्पॅनर · शनिवार, रात्री १०:३५

बरोबर. कागदाची पट्टी ही चांगली खूण आहे. फक्त रबर मऊ ठेवायला खोबरेल, इंजिन ऑईल, व्हॅसलीन असलं काही लावू नका. असल्या तेलानं हे रबर फुगतं आणि लवकर जातं. सिलिकॉन ग्रीस मिळतं, ते बोटानं पातळ लावायचं.

विजापूररोड · रविवार, सकाळी ८:०५

उत्तरं देते. पाऊस नसताना एसी लावून पंढरपूरला जाऊन आलो, ओल वाढली नाही. वॉशिंग सेंटरवरून आणली की मात्र वाढते. पाणी स्वच्छच आहे, जरा मातकट म्हणा, चिकट नाही. गाडी बिल्डिंगच्या आवारात कडुनिंबाखाली उभी असते, बाराही महिने. डाव्या दाराची पॉवर विंडो बंद पडली होती, ती दिवाळीच्या आधी दुरुस्त करून घेतली होती. एक सांगायचं राहिलं, पाऊस झाल्यावर ब्लोअर लावला की डॅशबोर्डमधून पाणी हलल्यासारखा आवाज येतो.

स्पॅनर · रविवार, सकाळी ८:५०

कडुनिंब आणि ब्लोअरमधला आवाज. ताई, ऐंशी टक्के उत्तर तुम्हीच दिलंत.

वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी असते. तिच्याखाली पत्र्याची खोल पन्हळ असते. पुढच्या काचेवरचं सगळं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांना फेंडरच्या आतून चाकामागं खाली पडतं. त्याच पन्हळीत ब्लोअरचं हवा ओढायचं तोंड असतं, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुतेक डाव्या बाजूला. तोंडाभोवती पाणी शिरू नये म्हणून उंच कडा दिलेली असते. पण पन्हळीची टोकं तुंबली की पाणी कडेच्या वर चढतं, थेट ब्लोअरमध्ये उतरतं आणि तिथून डाव्या पायाशी.

मोठी पानं जाळीवर अडकतात, ती कुणालाही दिसतात. कडुनिंबाचं पान बारीक, ते जाळीतून आत जातं. पाडव्याच्या आधी झाड पान टाकतं, वर आपली धूळ बसते, उन्हाळाभर ते तिथं कोरडं पडून राहतं. जूनच्या पहिल्या पावसात त्याचा गाळ होतो आणि टोकाला बूच बसतं.

तपासायला सोपी गोष्ट: ग्लव्हबॉक्स उतरवा, बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजू आत दाबल्या की खाली येतो. मागं केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, असते. तो फिल्टर बाहेर काढा. ओला किंवा पाण्याचे डाग पडलेला असेल तर पाणी वरून, ब्लोअरच्या तोंडातून येतंय. पूर्ण कोरडा असेल तर दुसरीकडं शोधू.

पूर्वभाग · रविवार, सकाळी ११:१५

स्पॅनर मालक, पॉवर विंडोचं काम झालंय म्हणतात ताई, ते सोडून देऊ नका. माझा अनुभव दारांचाच आहे, आमचं काचा-लॉक-स्पीकरचं दुकान आहे.

दाराचं आतलं पॅड काढलं की मागं प्लास्टिकचा किंवा फोमचा एक कागद असतो, काळ्या चिकट ब्युटाईलनं पत्र्याला चिकटवलेला. लोकांना वाटतं तो धूळ अडवायला आहे. खरं काम त्याचं पाण्याचं. काचेवरून दारात उतरलेलं पाणी या कागदाच्या आतल्या बाजूनं, म्हणजे पत्र्याच्या पोटातून, खाली जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. मोटर काढायची तर कागद उचलावाच लागतो. परत लावताना कुणी फाडतं, कुणी साधी चिकटपट्टी मारतं, कुणी काढून टाकतं. पहिल्या उन्हाळ्यात चिकटपट्टी सुटते. मग पाणी पॅडच्या मागून उतरून दाराच्या उंबऱ्यावरून कार्पेटखाली जातं. दार उघडून बघितलं तर पॅड वरून कोरडं ठणठणीत, म्हणून कुणाला संशय येत नाही.

आणि दाराच्या खालच्या कडेची भोकं बघा. अंडरकोटिंग (गाडीच्या खालच्या पत्र्यावरचा गंजरोधक थर) मारताना ती बुजवलेल्या गाड्या मी कितीतरी बघितल्यात. दार हलवल्यावर पाण्याचा आवाज आला तर हेच. बोथट काडीनं मोकळी करायची, खिळा घालून पेंट उडवायचा नाही.

स्पॅनर · रविवार, दुपारी १:००

मान्य. दोन्ही बघू. ताई, पाण्याची चाचणी अशी करा. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळं पाईप सोडून तासभर उभं राहणं कुणालाच परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. दोन बादल्या आणि एक मग पुरतो. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन मात्र वापरू नका, तिच्या जोरानं चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि भलतंच काहीतरी दिसतं.

डावीकडचं कार्पेट जमेल तितकं उचला, खालचा पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर खडूची पूड नाहीतर टाल्कम पावडर भुरभुरवा. पाण्याचा एक थेंब आला तरी त्याची वाट पावडरमध्ये उमटते. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून सावकाश पाणी सोडायचं. खालून वर जायचं. आधी दाराची खालची बाजू, मग दाराची काच, मग वायपरची जाळी, मग पुढच्या काचेचा कोपरा, सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही.

विजापूररोड · सोमवार, रात्री ९:३०

काल संध्याकाळी मी आणि मिस्टरांनी बसून केलं. केबिन फिल्टर निथळत होता, त्याच्या घड्यांत कडुनिंबाच्या काड्या. आज जवळच्या एका मेकॅनिककडून वायपर आणि जाळी काढून घेतली. डाव्या टोकाला काळा गाळ, हातानं काढावा लागला. तो निघाल्यावर मगभर पाणी ओतलं तर ते सरळ चाकामागं पडलं. आवाज गेला.

पण पूर्वभाग यांचंही खरं निघालं. दाराच्या काचेवर पाणी सोडल्यावर काही वेळानं उंबऱ्याजवळच्या पावडरमध्ये ओघळ आला. पॅड उघडलं तर कागद खालच्या अर्ध्यात सुटून लोंबत होता. म्हणजे दोन्हीकडून येत होतं. नवा कागद कुठं मिळेल, की जाड प्लास्टिक कापून लावलं तर चालेल?

पूर्वभाग · सोमवार, रात्री १०:०५

मूळ कागद स्पेअर पार्टवाल्याकडं गाडीचा नंबर देऊन मागवता येतो. नाही मिळाला तर जाड प्लास्टिक शीट चालतं, जुना कागद वर ठेवून आकार कापा. चिकटवायला ब्युटाईल टेपच घ्या, हेडलाईटची दुरुस्ती करणाऱ्यांकडं मिळते. जुना चिकट थर पूर्ण काढून पत्रा स्पिरिटनं पुसा. आणि कागदाची खालची कड दारातल्या पत्र्याच्या खाचेत आत खोचलेली असली पाहिजे, बाहेर लोंबती नको. पाणी शेवटी त्या कडेवरूनच पडतं. ती आत नसेल तर बाकी कितीही चांगलं चिकटवा, उपयोग नाही. वायरीसाठी भोक पाडलंत तर वायर आधी खाली झुकवून मग वर घ्या, नाहीतर वायरीवरून थेंब आत येतो.

रेल्वेलाईन्स · मंगळवार, सकाळी ७:४०

गळती सापडली हे उत्तम झालं, पण ताई, खरं काम आता आहे. कार्पेट वरून वाळलं म्हणून थांबू नका. कार्पेटखाली जाड फोम किंवा नमद्यासारखा थर असतो, आवाज कमी करायला. तो कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो. वरून पंखा लावून तो वाळत नाही, आत बुरशी धरते. तुमचा कुबट वास तिथलाच आहे.

सीट काढून कार्पेट बाहेर काढणं हाच उपाय. आधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि दहा मिनिटं थांबा. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा सीटबेल्टच्या टेन्शनरचे असतात. बॅटरी जोडलेली असताना त्यांना हात लावायचा नाही. हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या, पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

कार्पेट बाहेर आलं की आधी सोलापुरी टॉवेल पसरून त्यावर पाय देऊन उभं राहा. टॉवेल पाणी ओढतो, पिळा, परत पसरा. हे जितकं कराल तितकं वाळायला कमी वेळ. मग उलटं करून, फोमची बाजू वर, गच्चीवर उन्हात. आपलं ऊन एरवी नको वाटतं, या कामाला त्याच्यासारखं काही नाही. पाऊस उघडायची वाट बघावी लागली तर बघा, पण अर्धओलं परत बसवू नका.

मधल्या काळात पत्रा तपासा. गंजाचे ठिपके असतील तर घासून प्रायमर लावा. फ्लोअरला रबरी बुचं असतात, ती जागेवर आहेत का बघा. वायरिंगचे कनेक्टर हिरवट पडले असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. बऱ्याच गाड्यांत लाईट-लॉक सांभाळणारं कंट्रोल युनिट पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागं असतं. आपोआप सेंट्रल लॉक होणं, एअरबॅगचा दिवा लागणं असल्या तक्रारींचं मूळ कितीदा तरी तिथल्या ओलीत असतं.

आणि ती सेव्हन-डी मॅट. हौसेनं बसवलेली असते, मला कळतं. पण ती भिंतीसारखी कडेपर्यंत बसते आणि खालची ओल दिसूच देत नाही. निदान पावसाळ्याचे चार महिने साधी रबरी मॅट टाका, जी रोज उचलून बघता येईल.

शेळगी · मंगळवार, सकाळी १०:१०

आमच्या गाडीचं उलटं आहे. पावसाशी संबंध नाही. एसी लावला की डाव्या पायाशी पाणी, उन्हाळ्यात अजिबात नव्हतं, जूनपासून सुरू. गळणारं पाणी थंड आणि एकदम स्वच्छ.

स्पॅनर · मंगळवार, दुपारी २:२५

एसीचा ड्रेन पाईप. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ धरते, तिचं पाणी होतं आणि एका छोट्या रबरी नळीतून इंजिनच्या बाजूला खाली पडतं. दमट हवेत तासाला लिटरभर पाणी निघू शकतं. एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसतं ते हेच, आणि ते दिसायलाच हवं. पावसाळ्यात अर्धा तास एसी चालवून खाली थेंबही नसेल तर समजायचं की नळी तुंबली.

उन्हाळ्यात का नव्हतं, तर आपली एप्रिल-मेची हवा कोरडी. कॉइलवर धरायला वाफ फार कमी असते. मात्र त्याच दिवसांत धूळ सगळ्यात जास्त, ती कॉइलवर बसते आणि नळीत उतरते. धुवून न्यायला पाणी नसतं. जूनमध्ये हवा दमट झाली की एकदम पाणी सुटतं आणि नळी बंद. मुंबई-कोकणातल्या गाड्यांत नळी बाराही महिने वाहती असते. आपल्याकडं हे दर जूनला होणार असं धरूनच मे अखेरीला नळी बघून घ्यावी.

नळी मोकळी करताना बाहेरून, खालच्या तोंडातून मऊ प्लास्टिकची तार हळू आत सारायची. लोखंडी तार नको, कॉइल ॲल्युमिनियमची असते, भोक पडलं तर खर्च मोठा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर अगदी कमी दाबानं, नाहीतर घाण आत उडते किंवा नळीचा आतला जोड सुटतो. केबिन फिल्टर नसलेल्या किंवा बदलायचा राहिलेल्या गाड्यांत हे वारंवार होतं.

उत्तरकसबा · मंगळवार, दुपारी ३:५०

डाव्या पायाशी पाणी पण चिकट, आणि काचेवर तेलकट थर असेल तर?

स्पॅनर · मंगळवार, दुपारी ४:०५

मग ते पाणी नाही, कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. हीटर कोर (डॅशबोर्डमागचा, त्या गरम कूलंटनं हवा तापवणारा छोटा रेडिएटर) किंवा त्याचा जोड गळतोय. पांढऱ्या कापडानं टिपा, हिरवा किंवा गुलाबी रंग दिसेल, वास गोडसर. इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा, कमी होत असेल तर खात्री झाली. गाडी फार चालवू नका, इंजिन तापेल. गरम इंजिनवर झाकण उघडू नका.

कडकभाकरी · मंगळवार, सायंकाळी ६:३०

ताईंच्या काचांचं राहिलं. मी पावसात रीसर्क्युलेशनवर एसी फुल्ल ठेवतो, बाहेरची दमट हवा आत येऊ द्यायचीच नाही. आणि सिलिका जेलच्या पुड्या डॅशबोर्डवर टाकून ठेवायच्या.

शाळामास्तर · मंगळवार, रात्री ८:४५

कडकभाकरी, यावर जरा सविस्तर लिहितो. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि हा हिशेब मुलांकडूनही करून घेतो.

हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ धरते. ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी असतं, २० अंशांना साधारण १७ ग्रॅम. छोट्या गाडीच्या आतली हवा धरा ३ घनमीटर. म्हणजे रात्रीत ३० वरून २० पर्यंत गार झाली तर काचांवर जास्तीत जास्त ४० ग्रॅमच्या आसपास पाणी उतरेल. एकदा पुसलं की संपायला हवं. विजापूररोड ताईंच्या काचा पुसल्यावर परत पांढऱ्या होत होत्या, कारण खाली कार्पेटमध्ये पाण्याचा साठा होता. दोन लिटर म्हटलं तरी ते २००० ग्रॅम झाले. हवा कोरडी केली की कार्पेट तिला परत ओली करतं.

सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी घेतं. १०० ग्रॅमची पुडी ३०-४० ग्रॅम घेऊन थांबते. कोरड्या गाडीत ती उपयोगी आहे, अधूनमधून उन्हात तापवून परत वापरता येते. ओल्या कार्पेटपुढं तिचं काही चालणार नाही.

आता रीसर्क्युलेशन. गाडीत चार माणसं, प्रत्येक जण श्वासातून वाफ सोडतो, छत्र्या आणि रेनकोट ओले. एसी चालू आहे तोवर कॉइल ती वाफ काढत राहते, म्हणून तुम्हाला ठीक वाटतं. पण चौकात थांबून एसी बंद केला की कॉइलवरचं पाणी परत हवेत येतं आणि हवा आतल्या आतच फिरतेय. अर्ध्या मिनिटात पुढची काच पांढरी. पावसाळ्यात फ्रेशवर, म्हणजे बाहेरची हवा आत घेण्यावर, ठेवा, एसी चालू ठेवा आणि तापमानाचा खटका गरमकडं थोडा सरकवा. कॉइल हवा कोरडी करते, हीटर ती गरम करतो. कोरडी गरम हवा काचेवर गेली की वाफ लगेच सुटते. एसी फक्त गारव्यासाठी असतो हा समज सोडा.

आणि वाफ काचेच्या आत आहे की बाहेर, हे बोट लावून बघा. पावसात एसीचा थंड झोत सरळ काचेवर सोडला की काच गार होते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून धरते. तिथं आतून कितीही पुसलं तरी काही होत नाही. वायपर एकदा फिरवा, झोत काचेवरून काढा आणि गारवा कमी करा.

काच आतून स्वच्छ ठेवा, हे सगळ्यांना किरकोळ वाटतं. डॅशबोर्ड पॉलिश, उदबत्ती, धूळ, यांचा पातळ थर काचेवर बसतो आणि वाफेचे थेंब त्याला पकडून राहतात. रात्री समोरचे हेडलाईट त्यात फुटतात. तुळजापूर रोडला पहाटे निघणाऱ्यांनी हे मनावर घ्यावंच.

कडकभाकरी · मंगळवार, रात्री ९:२०

सर, आज घरी येताना फ्रेशवर करून बघितलं. सात रस्त्यापासून घरापर्यंत एकदाही फडकं हातात घ्यावं लागलं नाही. घरातल्यांनाही सांगितलं.

विजापूररोड · गुरुवार, दुपारी १२:४५

कार्पेट बाहेर काढून घेतलं. फोमचा थर मागच्या सीटपर्यंत ओला होता, आम्हाला फक्त पुढंच वाटत होतं. आज ऊन आहे, गच्चीवर पसरलंय. दारातला कागद उद्या लागेल. एक शंका: मागं डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही थोडं पाणी सापडलं. तेही याचंच का?

पूर्वभाग · गुरुवार, दुपारी १:३०

नाही, ते वेगळं. मागच्या लाईटमागचं रबर किंवा फोमचं गॅस्केट बघा, हॅचबॅकमध्ये बहुतेक तेच असतं. मागची काच धुणारा पाण्याचा पाईप छतातून जातो, तो जोडाला सुटलेला असला तरी डिकीत पाणी येतं. मागचं वॉशर चालवून बघा. काचेवर पाणी कमी आणि आत ओल असेल तर पाईप. छतावरच्या अँटेनाचं रबरही चिरतं, त्याचं पाणी मागच्या खांबातून उतरतं. खड्ड्यातलं बूच काढून पाणी सोडा, पण बूच परत लावा. उघडं ठेवलं तर रस्त्यावरचं पाणी तिथून वर उडतं.

मोहोळकर · गुरुवार, रात्री ९:००

धागा पूर्ण वाचला. मी सेकंडहँड गाडी बघतोय, बजेट बेताचं. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्याकडं कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या धुवून-पुसून विकायला आलेल्या नसतील कशावरून? घेताना कसं ओळखायचं?

रेल्वेलाईन्स · गुरुवार, रात्री ९:३५

काळजी रास्त आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. खालच्या भागात मातीची रेघ किंवा बुरशी दिसली तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटच्या पट्ट्या आणि बोल्ट बघा, जुन्या गाडीत थोडा गंज चालतो, पण बोल्टच्या खाचांत वाळलेला गाळ नको. कार्पेट कोपऱ्यातून उचलून खाली हात घाला. जुन्या गाडीत नवं कोरं कार्पेट असेल तर का बदललं ते विचारा. डिकीतला स्टेपनीचा खड्डा, मागच्या लाईटचा आतला भाग, ग्लव्हबॉक्सच्या मागं टॉर्च मारून बघा, धुणाऱ्याचा हात तिथं पोचत नाही. सगळे स्विच, काचा, वायपर, ब्लोअर चालवा. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती मागवा, विकणारा टाळाटाळ करत असेल तर गाडी सोडा.

स्पॅनर · गुरुवार, रात्री १०:१०

दोन गोष्टी माझ्याकडून. गाडीत भरपूर सेंट मारून काचा उघड्या ठेवलेल्या असतील तर सगळ्या काचा लावायला सांगा, उन्हात अर्धा तास बंद ठेवा आणि मग दार उघडून पहिला श्वास घ्या. ओल लपत नाही. दुसरं, इंजिन ऑईलची काडी काढून बघा, दुधाळ रंग असेल तर तिथंच नमस्कार करून परत या. पाण्यात बंद पडलेली गाडी कुणी सेल्फ मारून सुरू करायचा प्रयत्न केला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतात, तो खर्च गाडीच्या किमतीला भारी पडतो.

गाडी पक्की करायच्या आधी एखाद्या गॅरेजला लिफ्टवर चढवून खालून बघून घ्या. मालक, एमआयडीसीकडं येणार असाल तर इथं निरोप टाका, सकाळी दहाच्या आत या, तेव्हा लिफ्ट मोकळी असते.